रूबेनची मुलं किती

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लिही, जोनेटा. मी बोलते तसंच लिही, तुझी शाळा मधे घालू नकोस. मला अक्षर कळत नाही, पण वाचून दाखवलंस की माझ्या वाक्यात कुणी हात घातला ते लगेच कळतं.

तर, आज माझ्या नातीने, म्हणजे याच जोनेटाने, धंद्यातलं पहिलं घर पटकावलं. समोरच्या अर्लीन टिपेटचं. मी विचारलं, "विकत घेतलंस?"

"नाही आजी. करार केला. मिस अर्लीन ठरलेल्या किमतीला मला घर देणार. तो करार मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणार, थोडा चढवून. घर त्याचं, मधला फरक माझा."

"म्हणजे दलाल."

"दलाल नाही, होलसेलर."

"घाऊक? एकच घर, तेही छपरातून गळणारं, आणि घाऊक!"

ती हसली नाही. धंद्यात नवीन पडलेल्या माणसाला विनोद कळत नाहीत.

मग मी विचारलं, मधला फरक तू खाणार हे अर्लीनला ठाऊक आहे का? म्हणाली, करारात लिहिलंय. मी म्हटलं, करारात काय लिहिलंय ते नाही विचारलं, तिला ठाऊक आहे का ते विचारलं. पोरगी उठून रस्ता ओलांडून गेली. परत आली तेव्हा हातात अर्लीनच्या केकचा तुकडा होता. अर्लीन म्हणाली म्हणे, "छपरावर चढायचं वय गेलं माझं, आणि गिऱ्हाइकांना घरभर फिरवायची हौसही नाही. तू कमव, बाई. मला फक्त महिनाअखेर इथून हलव." म्हाताऱ्यांच्या त्या लिफ्टवाल्या इमारतीत तिच्यासाठी खोली राखून ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंतच.

केक कोरडा होता. हे पण लिही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

फिनिक्समध्ये बसलेल्या एका माणसाने करार घेतला. मेम्फिसला तो कधी आलाही नाही. फोटो बघून घर घेतोय. माझ्या वेळी लोक फोटो बघून बायकोसुद्धा करत नसत.

आता कागद टायटल ऑफिसात गेले. घर हातातून हातात जायच्या आधी ते खरोखर कुणाचं आहे, त्यावर कुणाचा दावा आहे का, हे तिथले लोक जुने दस्त काढून तपासतात. ते हो म्हणाले की खरेदीखत. पंचवीस तारीख धरली आहे.

जोनेटाने गोदामातली नोकरी सोडली. मला न विचारता. मी म्हटलं, निदान पहिलं पीक घरात येऊ द्यायचंस. तर म्हणते, "आजी, दोन दगडांवर पाय ठेवून धंदा होत नाही." बरं बाई. मी एकाच दगडावर उभी राहून सत्त्याहत्तरची झाले, मला काय कळतंय.

अर्लीनला सांगायला गेले तर घराला कुलूप. उद्या केस करायचे म्हणून आज ती बसचे सुटे पैसे आणायला गेली होती. दर दुसऱ्या शनिवारी ही बाई दोन बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला लवेडाच्या दुकानात केस करायला जाते. आमच्या कोपऱ्यावर डोरिसचं दुकान आहे, स्वस्त, वर गप्पाही फुकट. पण नाही. माणसाला एकेक नाद असतो, अर्लीनला केसांचा. डोक्यावर उरलेत किती, ते विचारू नका.

बुधवार, १६ ऑक्टोबर

टायटल ऑफिसातून मिस ब्रॅनमचा फोन आला आणि जोनेटाचा चेहरा कणकेसारखा पांढरट पडला. आमच्या रंगाच्या माणसाला ते सोपं नाही.

घर अर्लीनचं नाहीच. दस्तावर तिचं नाव नाही. रूबेनचं आहे, तिच्या नवऱ्याचं, एकट्याचं. त्याला ते आईकडून आलेलं. रूबेन जाऊन सहा वर्षं झाली, आणि मृत्युपत्र वगैरे त्याने केलं नाही. आमच्या गल्लीत कोण करतं? इथे सगळ्यांचं एकच: घरात राहते ती बाई घराची मालकीण. जोनेटा इथेच वाढली, म्हणून तिनेही दार वाजवलं, दार उघडलं तिची सही घेतली आणि आली. घर कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. शहराच्या दुसऱ्या भागातल्या पोराने आधी तेच विचारलं असतं.

अर्लीन तर पेटली. आमच्या ओसरीवर येऊन म्हणाली, "चाळीस वर्षं त्या घराची फरशी मी पुसली, आणि नाव मेलेल्याचं?"

मी म्हटलं, "फरशी पुसल्याचा दस्त निघत नाही, अर्लीन."

"तू तोंड बंद ठेव, ओझेला."

जोनेटाने समजावलं. आता अर्लीन आणि रूबेनची सगळी मुलं, सगळ्यांनी सह्या करायच्या. ड्वाइट मिलवॉकीत, लेमार डेट्रॉइटला, दोघं तिकडेच नोटरीसमोर करतील. पण मुलं किती, वारस कोण कोण, हे शपथेवर सांगायला टायटल ऑफिसला दोन माणसं हवीत. त्या घराण्याला वर्षानुवर्षं ओळखणारी, आणि घरात हिस्सा नसलेली. रूबेनच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जी छापील पत्रिका वाटली होती ती अर्लीनने त्यांना देऊन टाकली. त्यात आहेच ना सगळं: मागे पत्नी अर्लीन, पुत्र ड्वाइट आणि लेमार.

"एक आपल्या चर्चमधले डीकन पर्व्हिस," जोनेटा म्हणाली, "आणि दुसरी तू, आजी! तुझ्याइतकं कोण ओळखतं त्यांना?"

मी म्हटलं, भाजी करपतेय. आत गेले. भाजी चुलीवर नव्हतीच.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज काही लिहू नको.

(हे मी, जोनेटा, लिहिते. आजी आज खरंच बोलली नाही. टीव्हीशीसुद्धा भांडली नाही. मला काळजी वाटते.)

रविवार, २० ऑक्टोबर

चर्च सुटल्यावर डीकन पर्व्हिसने मला गाठलं. त्याने सही करून टाकली म्हणे. टोपी हातात फिरवत म्हणाला, "सिस्टर ओझेला, त्या कागदावर जे आहे ते आहे. बाकीचं देवाला माहीत आहे."

मी म्हटलं, "देवाला टायटल ऑफिसने बोलावलं नाही, डीकन. मला बोलावलंय."

त्याने टोपी घातली आणि चालता झाला.

घरी आल्यावर जोनेटाने माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. "मी रूबेन टिपेट यांना अमुक वर्षांपासून ओळखते. त्यांना दोन मुलं झाली..."

मी म्हटलं, "कुठल्या बाईपासून?"

बघा, हिची बोटं थांबली. लिही. थांबू नको, तुझी बोटं थांबली हेही लिही.

रूबेनला तिसरं मूल आहे. लवेडा. होय, केसांच्या दुकानवाली लवेडाच. तिची आई नेटी माझ्याबरोबर धुलाईखान्यात होती, वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर. लेमार रांगत होता तेव्हा लवेडा झाली. रूबेन नाताळला नेटीकडे हॅम द्यायचा, पोरीच्या शाळेच्या समारंभाला कुंपणाबाहेर उभा राहायचा आणि टाळ्या मात्र आत बसलेल्यांपेक्षा जोरात वाजवायचा. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक. फक्त अर्लीनला नाही. तिच्यासमोर ते नाव कुणी काढत नव्हतं. मीही नाही. रूबेनच्या अंत्यविधीला लवेडा शेवटच्या बाकावर बसली होती, आणि त्या दिवशी सगळ्यांनी मागे वळून बघणंच बंद केलं होतं.

जोनेटा म्हणाली, "आजी, आत्ता? आत्ता सांगतेस?"

"आत्ताच विचारलं कुणीतरी."

"कुणी विचारलं? मी फक्त वाचत होते!"

"कागद विचारतोय. मुलं किती, म्हणतोय. आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं."

ती खुर्ची मागे ढकलून उठली. म्हणाली, मी नोकरी सोडली आहे, फिनिक्सवाला रोज फोन करतो, मिस अर्लीनची खोली जाईल, आणि तू एक शब्द बोलली नाहीस तर जगात कुणालाही पत्ता लागणार नाही. मी म्हटलं, लवेडाला लागेल. तिला तर जन्मापासून लागलाय.

मागच्या अंगणात फेऱ्या मारून आली आणि पुन्हा लिहायला बसली. डोळे लाल आहेत. मी बघितलं नाही असं लिही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

टायटल ऑफिसात परक्या बाईच्या तोंडून अर्लीनला हे कळावं, हे मला पटेना. म्हणून मी स्वतः गेले. तिचं अर्धं घर खोक्यांत गेलेलं. मी खोक्यावर बसले, दम घेतला, आणि म्हटलं, अर्लीन, मी तुला एक सांगते, आधी तू बस.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "लवेडा ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. हे आयुष्यात दोनदा झालंय, आणि पहिल्या वेळी दात काढलेला होता.

"तुम्ही म्हाताऱ्यांनी काय समजलात मला? केसांसाठी दोन बस बदलते मी? या केसांसाठी?" तिने डोक्यावरचा रुमालच काढला. "पहिल्यांदा गेले ती भांडायला. नेटीची पोर कशी दिसते, दोन शब्द सुनवावेत, म्हणून. खुर्चीत बसवलं तिने मला. मान मागे घेतली, पाणी कोमट आहे ना विचारलं. आणि ओझेला, तिची बोटं. तीच बोटं. रूबेन माझं डोकं दुखताना असंच चेपायचा, आधी कानामागे, मग वर. मी भांडायचं विसरले. मग पुढच्या वेळी गेले. मग जातच राहिले."

"तिला ठाऊक आहे? तू कोण ते?"

"आरसा असतो ना समोर. दोघीही आरशाकडे बघतो. एकमेकींकडे बघावं लागत नाही."

मला वाटलं, संपलं, सुटलो. मी म्हटलं, मग शुक्रवारी मी तीन सांगते.

तिचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा झाला. "नाही. केस करून घेणं वेगळं, कागद वेगळा. माझ्या मुलांना माहीत नाही. त्यांचा बाप त्यांच्यासाठी अजून आख्खा आहे. तू दोन म्हण, ओझेला. तिचा हिस्सा मी माझ्यातून देईन, पाकिटात घालून, तिच्याच दुकानात. तिचं काही बुडणार नाही."

"पाकीट," मी म्हटलं.

"हो, पाकीट. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय मी? एकदा माझं लोखंडी पातेलं घेऊन गेलीस ते परतसुद्धा मागितलं नाही."

पातेलं खरं आहे. माझ्याकडेच आहे.

घरी आले. काय करावं कळत नाही. तिचं चुकीचं म्हणावं तर चाळीस वर्षं ती ज्या घरात झोपली त्याची लाज तिची आहे, माझी नाही. आणि बरोबर म्हणावं तर ती पोर पुन्हा शेवटच्या बाकावर.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

फिनिक्सवाला म्हणतो, उद्या झालं नाही तर तो हात काढून घेणार. त्याला दुसरीकडे घरं आहेत, फोटोंसकट.

मला वाटलं, जोनेटा पुन्हा विनवणी करणार. पण जेवताना ती म्हणाली, "आजी, उद्या मी गाडी चालवते. आत तू काय बोलशील ते तू बोल."

"आणि तुझा धंदा?"

"माझ्या करारातली चूक मी केली. ती झाकायला तुला शपथ खायला लावू?" मग भात चिवडत म्हणाली, "मला राग आलाय, हे मात्र धरून चाल."

मी धरलं. तिच्या ताटात आणखी एक मासा वाढला. तिने खाल्ला. रागातली माणसं आमच्या घरात नीट जेवतात.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

टायटल ऑफिस म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी न्यायालयासारखं. एक लांब टेबल, खोट्या फुलांची कुंडी आणि पेपरमिंटच्या गोळ्या. टेबलाच्या एका बाजूला अर्लीन, रविवारच्या हॅटमध्ये. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मिस ब्रॅनम पोरीसारखी दिसते, पण आवाज पक्का. म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाचू शकत नाही असं कळलं, म्हणून मी वाचते. न पटलं तर थांबवा. घाई नाही."

या एका वाक्यासाठी मी तिला माफ केलं की तिचा चहा गरम नव्हता आणि गोडही नव्हता.

तिने आधी विचारलं, घर विकलं गेलं तर मला काय मिळणार. मी म्हटलं, नात मूडमध्ये असेल तर रविवारी कोंबडी. तिने ते लिहिलं नाही. मग वाचायला लागली. रूबेनला मी कधीपासून ओळखते, त्याचं लग्न एकदाच झालं, हे सगळं बरोबर. "त्यांना एकूण दोन मुलं झाली."

मी म्हटलं, "थांब."

जोनेटा माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, इतकंच. मी अर्लीनकडे बघितलं. मला वाटत होतं ती मान हलवेल, नको म्हणेल. ती टेबलाकडे बघत होती.

मी म्हटलं, "तीन. दोन मुलगे, एक मुलगी."

मिस ब्रॅनमने पेन उचललं. "मुलीचं नाव?"

"लवेडा."

"पूर्ण नाव माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या पोरीला ओळखते, पूर्ण नाव कधी विचारलंच नाही. मी जीभ चावत बसले. तेवढ्यात टेबलाच्या त्या बाजूने आवाज आला.

"लवेडा रूथ," अर्लीन म्हणाली. हॅट सरळ केली. "रूथ त्याच्या आईचं नाव. ज्या घराचं चाललंय ना, ते त्याच रूथचं. लिहून घ्या, आर यू टी एच. आणि तिच्या दुकानाचा पत्ता मी सांगते, तो मला तोंडपाठ आहे."

मिस ब्रॅनमने पहिला कागद बाजूला ठेवून नवा लिहिला, वाचून दाखवला. मी म्हटलं, नावाची ओळ पुन्हा वाच. तिने वाचली. मी सही म्हणून फुली मारली.

मग तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, आता या तिसऱ्या वारसाचीही सही लागेल, तिचा शोध, तिचे कागद, आज खरेदीखत होणार नाही. जोनेटाने बाहेर जाऊन फिनिक्सला फोन लावला. काचेतून दिसत होतं. ती फार बोलली नाही. त्याने तिला बोलू दिलं नाही.

गाडीत तिघी. अर्लीन मागच्या सीटवर. मग अर्लीन म्हणाली, "माझी खोली गेली, ओझेला. मुलांना आज फोन करायचाय. कसा करू?"

मी म्हटलं, "मी शेजारी बसते. माझं लोखंडी पातेलं घेऊन येते."

"माझं," ती म्हणाली.

सोमवार, २८ ऑक्टोबर

जोनेटा गोदामात परत गेली. त्यांनी घेतलं, पण पहाटेच्या पाळीवर. दुपारी येते आणि बुटांसकट झोपते. आज मी काढले. मोठ्या नोंदी तिच्याकडून लिहवून घ्यायची मला लाज वाटते, म्हणून एवढंच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज खूप लिहायचंय. तू कॉफी घे.

ड्वाइटने फोनवर आईला एकच प्रश्न विचारला होता: तिचे कान माझ्यासारखे आहेत का? आहेत. लेमार ओरडला, फोन आपटला, आणि चार दिवसांनी कागद पाठवून दिले, रागाने पण नोटरीच्या शिक्क्यासह.

आणि जोनेटाने नवा करार केला. या वेळी आधी दस्त बघितला, मग वारस, मग पेन काढलं. अर्लीनला मिळायची किंमत तिने थोडी वर नेली, स्वतःचा मधला फरक खाली. मी विचारलं का, तर म्हणते, आता छपराची अवस्था मला नीट कळली. खोटारडी. छप्पर होतं तसंच आहे.

अर्लीनच्या स्वयंपाकघरात सह्या झाल्या. लवेडा दुकान बंद करून आली होती. दारात थांबली. अंगावर चांगला कोट, हात खिशात. अर्लीन ओट्याशी होती, तिची पाठ आमच्याकडे. आता इथे आरसा नव्हता.

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. जोनेटाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला. लिही.

अर्लीन वळली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अर्लीन म्हणाली, "कोट काढ. घरात आलीस तर कोट काढतात."

लवेडाने कोट काढला. टेबलापाशी आली, जोनेटाने जागा दाखवली. पेन हातात घेऊन ती अडली. "आडनाव कुठलं लिहू?"

"तुमच्या ओळखपत्रावर आहे तेच," जोनेटा म्हणाली. "नाहीतर टायटल ऑफिस माझा जीव घेईल."

आम्ही सगळ्या हसलो, लवेडा सगळ्यात उशिरा. तिने आईचं आडनाव लिहिलं. सही झाल्यावर पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हणाली, "मिस अर्लीन, मी कधी ओसरीच्या पुढे आले नव्हते."

"माहीत आहे," अर्लीन म्हणाली. "ये. विकायच्या आधी बघून घे. यात तुझाही भाग आहे, मोजून घे हवं तर. गळतं ते छप्पर तुझ्याच भागात पडतं की काय, तेवढं बघ."

दोघी आत गेल्या. खोल्याखोल्यांतून आवाज येत होता: ही रूथची खिडकी, इथे तो पेपर वाचायचा, हे कपाट मला कधी आवडलं नाही.

जोनेटा हळूच म्हणाली, एक गिऱ्हाईक मिळालंय, इथलंच, मेम्फिसचं, त्याला आजच दुपारी घर बघायचंय, बोलावू का? पोरीचा हात फोनवर होता. तिला या पैशाची किती गरज आहे ते तिच्या बुटांकडे बघून कळतं.

मी म्हटलं, "सोमवारी ये म्हणावं. आज घरात माणसं आहेत."

तिने फोन पालथा ठेवला.